जॉर्जटाऊनची घड्याळाची इमारत



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. अमेरिकेतले एक लहानसे गाव, त्या गावातली एक जुनी विटांची इमारत, आणि तिच्यावर घटकाभर बोलावयाचे! वेरूळच्या लेण्यांवर बोलावे, गोलघुमटावर बोलावे, हे आपण समजू शकतो. पण खाली बाजार, वर नगरसभेची कचेरी आणि डोक्यावर घड्याळ, एवढेच जिचे वैभव, त्या इमारतीत असे काय आहे? माझे उत्तर असे की, तिच्यात तांदूळ आहे. एका गावात ज्याने अपार संपत्ती आणून ओतली आणि ज्याच्यापायी हजारो माणसांचे आयुष्य गुडघाभर चिखलात सरले, असा तो तांदूळ आहे. तो तांदूळ कोणी पिकविला, कोणी विकला आणि त्याचा मान कोणाला मिळाला, हे तीन प्रश्न त्या इमारतीपाशी उभे राहिले की आपोआप मनात येतात. हे प्रश्न परदेशी आहेत असे मला वाटत नाही.

गाव आणि इमारत

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दक्षिण कॅरोलिना नावाचे राज्य आहे. त्याचे मोठे बंदर चार्ल्सटन. तेथून ईशान्येस सुमारे साठ मैलांवर जॉर्जटाऊन हे गाव आहे. त्याची आखणी १७२९ साली झाली. राज्यातील जुन्या गावांत त्याचा क्रम तिसरा लागतो. गावाशेजारी विन्या नावाची खाडी आहे. वाकामॉ, पीडी, ब्लॅक आणि सॅम्पिट या नद्या या खाडीला येऊन मिळतात. दक्षिणेला थोड्या अंतरावर सँटी नदी समुद्रास मिळते. नद्यांचे असे जाळे, किनारा सखल, आणि दिवसातून दोनदा भरती-ओहोटी. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला हे चित्र डोळ्यांसमोर आणण्यास मुळीच कष्ट पडणार नाहीत.

गावाचा मुख्य रस्ता फ्रंट स्ट्रीट, आणि त्याच्या पाठीशी सॅम्पिट नदी. या रस्त्यावर, नदीकडे पाठ करून, ती इमारत उभी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले तिचे बांधकाम. तळमजला कमानींचा, चहूकडून मोकळा. तेथे बाजार भरे. वरच्या मजल्यावर ग्रीक देवळाच्या धर्तीचे दालन. तेथे नगरसभा बसे. पुढे तिला मनोरा जोडला, मनोऱ्यावर घड्याळ चढले, आणि लोक तिला गावाचे घड्याळ म्हणू लागले. आपल्याकडेही मंडईवर घड्याळ बसले की इमारतीचे मूळ नाव मागे पडते आणि घड्याळ तेवढे उरते, तसाच हा प्रकार.

खाली बाजार आणि वर कचेरी ही रचना सहज झालेली नाही. ज्यांचा माल खाली होता, त्यांचेच राज्य वर होते. नगरसभेत बसणारे, राज्याच्या विधिमंडळात जाणारे आणि प्रसंगी राज्यपाल होणारे लोक बहुधा एकाच वर्गातले होते. ते भाताचे मळेवाले. रॉबर्ट ऑल्स्टन यांचे उदाहरण पाहा. ते जॉर्जटाऊनजवळच्या पीडी नदीवरचे मोठे मळेवाले होते, भातशेतीवर त्यांनी शास्त्रीय लेखन केले होते, आणि १८५६ पासून दोन वर्षे ते राज्याचे राज्यपाल होते. शेत, शास्त्र आणि सत्ता ही तिन्ही एका हातात होती.

आधी नीळ, मग भात

जॉर्जटाऊन आरंभी भातावर मोठे झाले नाही. त्याचा पहिला पैसा निळीचा. अठराव्या शतकाच्या मध्याला इंग्रज सरकार आपल्या वसाहतींतल्या निळीला बक्षिसी देत असे, आणि तिच्या जोरावर येथले जमीनदार गबर झाले. पुढे अमेरिका स्वतंत्र झाली. बक्षिसी बंद पडली. इंग्रजांनी आपली नीळ दुसरीकडून मिळविण्याची व्यवस्था केली, आणि ती जागा म्हणजे बंगाल! निळीच्या मळेवाल्यांनी बंगालच्या रयतेचा जो छळ मांडला आणि त्यातून १८५९–६० साली जो उठाव झाला, तो इतिहास आपण वाचला आहे. अमेरिकेत एक पीक बुडाले आणि त्याचे ओझे बंगालच्या कुळाच्या पाठीवर येऊन पडले. व्यापाराची वाट अशी दूरदूरच्या माणसांना, त्यांच्या नकळत, एका दोरीने बांधीत असते.

नीळ गेली तेव्हा जॉर्जटाऊनच्या जमीनदारांनी सारा जीव भातावर लावला. कॅरोलिनात भात सतराव्या शतकाच्या अखेरीस आला. प्रथम तो पाणथळ दलदलीत, पावसाच्या आणि साठवलेल्या पाण्यावर पिके. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर मात्र नवी युक्ती रूढ झाली आणि तिने सगळे चित्र पालटले. ही युक्ती म्हणजे भरतीच्या पाण्याची शेती. ती नीट समजली तरच त्या इमारतीतले वैभव कोठून आले ते समजेल, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

भरतीचे गोडे पाणी

समुद्राला भरती आली की नदीचे पाणी मागे रेटले जाते आणि चढते. मुखाशी ते खारे असते. पण काही मैल आत गेले की खारट पाणी जड म्हणून तळाशी राहते, आणि वर जे चढते ते नदीचे गोडे पाणी असते. त्याच्याही वर, फार आत गेले, तर भरतीचा जोर पोचत नाही. तेव्हा मधला जो पट्टा, जेथे पाणी गोडे आहे आणि तरीही रोज चढते-उतरते, तोच या शेतीचा पट्टा. खाली गेले तर मीठ, वर गेले तर भरती नाही. जॉर्जटाऊनच्या नद्यांना असा पट्टा भरपूर होता. तेथली जमीन सोन्याच्या मोलाची ठरली, ती याच कारणाने.

ही जमीन मुळात सायप्रस वृक्षांचे दलदलीचे अरण्य होती. झाडे तोडावयाची, मुळे खणून काढावयाची, नदीच्या काठाने मैलच्या मैल बांध घालावयाचा, आतल्या जमिनीचे चौकोनी तुकडे पाडावयाचे, त्यांत पाट आणि चर खणावयाचे. हे सर्व काम हातांनी, फावड्यांनी, साप आणि डास यांच्या संगतीत झाले. आणि या बांधात जागोजागी बसविलेली असे एक लाकडी पेटी, तिला तेथे ट्रंक म्हणत. आपण घरात कपड्यांच्या पेटीला म्हणतो तोच हा शब्द. पूर्वी पोकळ खोडाला बुच मारून हे काम करीत, म्हणून खोडावरून हे नाव पडले असे सांगतात.

या पेटीचे एक तोंड नदीत, दुसरे शेतात. दोन्ही तोंडांना वरून टांगलेली एकेक झडप. शेत भरावयाचे असले की नदीकडची झडप उचलून ठेवावयाची. भरतीचे पाणी पेटीतून धावत येई आणि शेताकडची झडप ढकलून आत शिरे. ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्याच दाबाने ती झडप मिटे, आणि पाणी आत अडकून राही. शेत रिकामे करावयाचे असले की उलट करावयाचे. शेताकडची झडप उचलायची, म्हणजे ओहोटीच्या वेळी पाणी बाहेर पडे आणि पुढच्या भरतीला नदीकडची झडप आपोआप मिटे. यंत्र नाही, इंधन नाही. चंद्राच्या ओढीवर चालणारी शेती!

गोव्याच्या खाजणांतील मानस आणि कोकणातील खारभूमीच्या बांधांची उघाडी याच जातीची आहे. फरक हेतूचा. आपल्याकडे झडप आहे ती मुख्यतः खाऱ्या पाण्याला बाहेर ठेवण्यासाठी आणि पावसाचे जादा पाणी सोडून देण्यासाठी. कॅरोलिनात ती गोडे पाणी आत घेण्यासाठीही होती. म्हणून तेथे ट्रंकेवर नेमलेला माणूस फार मोलाचा समजला जाई. पाऊस कमी झाला की खारे पाणी नदीतून वर चढे. अशा वेळी पाणी चाखून पाहून झडप उघडावी की नाही हे तो ठरवी. त्याच्या जिभेच्या एका चुकीने साऱ्या हंगामाचे पीक जळून जाण्याची भीती असे.

मार्चपासून मेपर्यंत पेर होई. बी पक्ष्यांनी खाऊ नये व पाण्यावर तरंगू नये म्हणून ते चिखलात घोळीत. बाया सरीत बी टाकून पायाने माती लोटीत. मग पहिले पाणी बी रुजण्यासाठी. ते काढले की कोंब सुईसारखे वर आले म्हणजे दुसरे. पुढे रोप उंच करण्यासाठी आणि तण मारण्यासाठी लांब मुदतीचे तिसरे. मग शेत कोरडे ठेवून खुरपणी. आणि शेवटी कणसे भरताना ताटे आडवी पडू नयेत म्हणून कापणीपर्यंतचे पाणी. ऑगस्टच्या अखेरीपासून कापणी. विळ्याने कापलेले भारे सपाट होड्यांतून खळ्यावर जात, तेथे झोडणी आणि उफणणी होई. या दिवसांत तांदळाचे पक्षी म्हणून ओळखले जाणारे थवेच्या थवे शेतावर उतरत, आणि त्यांना हाकण्यासाठी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांना उभे करीत. आपल्याकडे माचाणावर बसून गोफण फिरवणारा राखणदार ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगावयास नको.

हे कोणाचे ज्ञान?

आता आपण मुख्य प्रश्नाकडे येतो. हे सारे काम केले ते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या आणि विकत घेतलेल्या माणसांनी, व त्यांच्या मुलानातवंडांनी. १८४० च्या सुमारास जॉर्जटाऊन जिल्ह्यात दर शंभर माणसांत जवळजवळ ८८ गुलाम होते. १८४० च्या गणतीत या एका जिल्ह्याचे भाताचे पीक सुमारे ३ कोटी ६० लाख पौंड नोंदले आहे. साऱ्या देशाचे सुमारे ८ कोटी पौंड होते. म्हणजे अमेरिकेत पिकणाऱ्या तांदळाचा निम्म्याला थोडा कमी असा वाटा या एका गावाभोवती पिके. जोशुआ जॉन वॉर्ड या एका मळेवाल्याकडे १८५० साली १,०९२ गुलाम होते. एवढे गुलाम त्या वेळी देशात दुसऱ्या कोणाकडे नव्हते.

मळेवाल्यांच्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले की, आमच्या पूर्वजांच्या बुद्धीने ही शेती उभी राहिली आणि गुलामांचे नुसते हात होते. परंतु पश्चिम आफ्रिकेत, सेनेगालपासून सिएरा लिओनपर्यंतच्या किनाऱ्यावर, भाताची शेती फार प्राचीन आहे. तेथे भाताची स्वतंत्र जातच माणसाने शेतीत आणली. खाडीकाठी बांध घालून, पोकळ खोडाने पाणी आतबाहेर करण्याची रीतही तेथे होती. ज्युडिथ कार्नी या भूगोलाच्या विदुषीने २००१ साली एका ग्रंथात मांडले की, कॅरोलिनाच्या भातशेतीमागे या आफ्रिकी माणसांचे ज्ञान होते. इतर काही इतिहासकारांनी, विशेषतः २००७ नंतर, याला हरकत घेतली. गुलामांच्या व्यापाराचे आकडे पाहता भात पिकवणारे लोकच मुद्दाम निवडून आणले असे दिसत नाही, आणि भरतीच्या शेतीची मोठी मांडणी मळेवाल्यांनी प्रयोग करीत बसविली, असे त्यांचे म्हणणे. वाद अजून मिटलेला नाही. पण दोन्ही पक्षांना मान्य असणारी एक गोष्ट आहे. टाचेने बी झाकणे, गवताच्या विणलेल्या सुपाने पाखडणे, लाकडी उखळात मुसळाने कांडणे या रीती आफ्रिकेतल्या रीतींशी जुळतात. ते सूप तेथे आजही विणले जाते, आणि विणणाऱ्या बाया त्याच लोकांच्या वंशातल्या आहेत.

कांडणाची गोष्ट जरा थांबून सांगावी अशी आहे. आपल्या आज्यांनी कांडण केले आहे. म्हणून मुसळाचा घाव किती मापाने पडावा लागतो हे येथे बसलेल्या कित्येक भगिनींना ऐकून तरी माहीत असेल. जोर कमी पडला तर तूस निघत नाही, जास्त झाला तर कणी होते. युरोपच्या बाजारात आख्ख्या, पांढऱ्याशुभ्र दाण्याला भाव होता; कणीला नव्हता. तेव्हा दिवसभर शेतात राबून आलेल्या बायामाणसांनी पहाटे आणि रात्री उखळावर उभे राहावे, आणि दाणा मात्र मोडू नये, ही अपेक्षा. जोनाथन लूकस नावाच्या इंग्रज कारागिराने १७८७ च्या सुमारास सँटी नदीवर पाण्याच्या जोरावर चालणारी भाताची गिरणी उभारली, आणि पुढे भरतीवर चालणाऱ्या गिरण्याही केल्या. कांडणाचा भार त्याने हलका झाला. परंतु गिरणी जास्त तांदूळ सडू लागली म्हणून जास्त शेते काढली गेली, आणि जास्त माणसे विकत घेतली गेली. यंत्राने श्रम वाचतात खरे; ते कोणाचे वाचतात हे मालकी कोणाची आहे यावर ठरते.

शेतावर कामाची वाटणी एका ठरावीक मापाने होई. पाव एकराचा, म्हणजे सुमारे १०५ फूट लांब व तितकाच रुंद तुकडा, हे खुरपणीचे एका माणसाचे एका दिवसाचे काम. ते उरकले की उरलेला वेळ त्याचा. या उरलेल्या वेळात गुलामांनी परसात भाजी केली, कोंबड्या पाळल्या, टोपल्या विणल्या, आपली भाषा आणि आपली गाणी सांभाळली. या लोकांना गल्ला म्हणतात. त्यांची बोली आजही जिवंत आहे. उन्हाळ्यात दलदलीत हिवताप माजला की मळेवाले मे महिन्यात समुद्रकाठच्या पॉलीज बेटावर राहावयास जात, ते पहिले दहिवर पडेपर्यंत परत फिरत नसत. गुलामांना कोठे जावयाचे नव्हते. त्यांच्या वस्त्यांत लहान मुले फार मरत.

इमारतीच्या खाली आणि वर

भात तयार झाला की सुमारे सहाशे पौंडांच्या लाकडी पिंपांत भरून नावांवर चढे, आणि बहुतेक माल चार्ल्सटनच्या अडत्यांकडे जाई. अडत्या माल विकून आपली दलाली कापून घेई, मळेवाल्याला वर्षभर उधारीवर कापड, अवजारे, दारू पुरवी, आणि पुढच्या पिकावर आगाऊ रक्कम देई. आपल्या बाजारपेठांत जन्मलेल्या कोणालाही ही रीत समजावून सांगावयास नको. गुलामही त्या हिशेबात तारण म्हणून लिहिले जात.

जॉर्जटाऊनच्या बाजारात, त्या कमानींच्या खाली, भाजीपाला, मासळी, मांस विकले जाई. मालाबरोबर माणसेही विकली गेली, असे गावची परंपरा सांगते. आणि त्याच्याच वरच्या मजल्यावर नगरसभा बसून गावाच्या सुव्यवस्थेचा विचार करी. त्या काळची सुव्यवस्था म्हणजे काय हे राज्याचे कायदे पाहिले की कळते. गुलामाला लिहिण्यास शिकविणे हा १७४० पासूनच गुन्हा होता. परवानगीच्या चिठ्ठीवाचून मळ्याबाहेर पडण्याची गुलामाला मुभा नव्हती. घड्याळ साऱ्या गावाला वेळ सांगे. पण आपला वेळ ज्यांचा स्वतःचा होता असे त्या गावात फार थोडे होते.

उतरती कळा

१८६१ साली यादवी युद्ध पेटले. १८६५ च्या फेब्रुवारीत उत्तरेचे आरमार विन्या खाडीत शिरले आणि जॉर्जटाऊन लढाईवाचून शरण आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ मार्च रोजी, अॅडमिरल डालग्रेन यांचे हार्व्हेस्ट मून हे जहाज खाडीत सुरुंगाने बुडाले. हार्व्हेस्ट मून म्हणजे सुगीचा चंद्र! ज्या प्रदेशाची सुगी चंद्राच्या भरतीवर चाले, तेथे या नावाचे जहाज बुडावे हा एक योगायोगच.

गुलामगिरी संपली, आणि तिच्याबरोबर या शेतीचा पायाही हलला. दर साल मैलोगणती बांध दुरुस्त करणे, चर उपसणे, हे भर हिवाळ्यात थंड चिखलात उभे राहून करावयाचे काम. स्वतंत्र झालेला माणूस ते त्याच अटींवर कशाला करील? मळेवाल्यांपाशी रोख पैसा नव्हता. शिवाय बाजारही हातचा गेला होता. युरोपात बंगालचा तांदूळ आधीपासून येत होता. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाल्यावर ब्रह्मदेशचा तांदूळ अधिकच सोयीने पोचू लागला. म्हणजे निळीप्रमाणे तांदळाच्या बाजारातही कॅरोलिनाची गाठ अखेर आशियाशीच पडली. मौज अशी की, याच काळात, १८७० च्या आसपास, कॅरोलिनाच्या भाताचे बी हिंदुस्थानात आणून सरकारने ठिकठिकाणी पेरून पाहिले. येथे ते रुजले नाही. बी जहाजातून आणता येते. पाणी, माती आणि माणसांचे सवयीचे हात जहाजातून आणता येत नाहीत.

शेवटचा घाव अमेरिकेतच बसला. १८८० नंतर लुइझियाना, टेक्सास आणि पुढे आर्कान्सा या राज्यांत कोरड्या, घट्ट माळावर पंपाने पाणी चढवून, गव्हासाठी बनविलेल्या कापणीयंत्रांनी भात काढू लागले. जॉर्जटाऊनच्या मऊ दलदलीत ही जड यंत्रे रुतून बसत. जी माती इतकी वर्षे वैभवाचे कारण होती तीच आता अडचण झाली. त्यात १८९३, १९०६ आणि १९११ सालच्या वादळांनी बांध फोडले. ते पुन्हा घालण्याची ताकद कोणात उरली नव्हती. राज्यपाल ऑल्स्टन यांची कन्या एलिझाबेथ ऑल्स्टन प्रिंगल हिने एकटीने मळा चालविण्याचा प्रयत्न केला आणि त्या अनुभवांवर १९१३ साली पुस्तक लिहिले. त्यातून त्या काळाची कहाणी आपल्यापर्यंत पोचली आहे. पण लक्षात ठेवावे की तीही मालकिणीची कहाणी आहे. बांधावर उभे राहून काम करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना आपली हकीकत लिहून ठेवता आली, कारण लिहिणेच त्यांना मना केले होते.

न्हाव्याचा मुलगा

आणि तरीही या गावाच्या इतिहासात एक नाव असे आहे की ते घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १८३२ साली जॉर्जटाऊनमध्ये एका गुलाम कुटुंबात जोसेफ रेनी याचा जन्म झाला. बाप न्हावी. त्याला मिळकतीतला काही भाग स्वतःपाशी ठेवण्याची मुभा होती. त्यातून पै पै साठवून त्याने आपल्या कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले. मुलगाही न्हावीच झाला. युद्धात दक्षिणेच्या सैन्याने त्याला तटबंदीच्या वेठीला लावले, तेव्हा १८६२ साली तो बायकोसह बर्म्युडा बेटावर निसटला. युद्ध संपल्यावर परतला, राजकारणात पडला, आणि डिसेंबर १८७० मध्ये अमेरिकेच्या लोकप्रतिनिधी सभागृहात शपथ घेणारा पहिला कृष्णवर्णीय सभासद ठरला. १८७९ पर्यंत तो तेथे होता. १८७४ साली सभागृहाचे अध्यक्षपद काही वेळ सांभाळण्याचा मानही त्याला मिळाला. पुढे वारे फिरले, कृष्णवर्णीयांचे हक्क पुन्हा काढून घेण्यात आले, आणि १८८७ साली रेनी आपल्या गावीच वारला. त्याच्या जन्मगावी नगरसभा गुलामांना विकणाऱ्यांच्या हातात होती. त्याच गावचा मुलगा देशाच्या सभागृहात अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला. या दोन गोष्टींमधले अंतर पन्नास वर्षांचेही नाही.

इमारत काय सांगते, काय सांगत नाही

भात गेल्यावर गाव लाकडावर जगले, मग कागदावर. १९३७ साली तेथे मोठी कागदगिरणी सुरू झाली. २०२४ च्या अखेरीस तीही बंद पडली. नीळ, भात, लाकूड, कागद! एकाच मालावर सर्वस्व लावणाऱ्या गावाला किती वेळा नव्याने जन्म घ्यावा लागतो, ते या क्रमात दिसते.

घड्याळाच्या इमारतीत १९७० साली भाताचे संग्रहालय उघडले. शेताच्या, ट्रंकेच्या, खळ्याच्या प्रतिकृती तेथे मांडल्या गेल्या. शेजारच्या जुन्या लोखंडी सामानाच्या दुकानाची इमारतही पुढे त्यात आली; ब्लॅक नदीत विटांसकट बुडालेली अठराव्या शतकातली एक नाव १९७६ साली वर काढली होती, ती तेथे ठेवली. सप्टेंबर २०१३ मध्ये फ्रंट स्ट्रीटला आग लागून नदीकाठच्या सात इमारती जळाल्या, पण घड्याळाची इमारत वाचली. इकडे १९८० च्या दशकात रिचर्ड शुल्झ नावाच्या डॉक्टरांनी सरकारी बीजसंग्रहातून कॅरोलिना गोल्ड या जुन्या सोनेरी भाताचे बी मिळवून ते पुन्हा पेरले, आणि नामशेष झालेले पीक थोड्या प्रमाणात परत आले.

आकाशातून पाहिले तर जॉर्जटाऊनच्या नदीकाठी ते चौकोनी तुकडे, ते पाट, ते बांध अजून दिसतात. त्यांत आता गवत वाढते आणि बदके उतरतात. माझ्या मते त्या गावाची खरी थोर वास्तू ती आहे. घड्याळाची इमारत विटांची आहे, तिच्यावर पाटी आहे, ती कोणी बांधली हे कागदोपत्री सापडते. त्या बांधांवर पाटी नाही. पण विटांच्या त्या इमारतीतली प्रत्येक वीट त्या बांधांतून आलेल्या पैशावर रचलेली आहे.

श्रोतेहो, जुनी इमारत जतन करावी असे आपण म्हणतो ते योग्यच आहे. पण जतन कशासाठी? नुसत्या कमानी सुंदर आहेत म्हणून जतन केली तर ती शोभेची वस्तू होते. तिच्या खालचा बाजार, वरची कचेरी आणि मागची नदी ही तिन्ही मिळून जी गोष्ट होते ती सांगितली, आणि तीतले अडचणीचे पान फाडून टाकले नाही, तर ती इमारत गावाची शिक्षक होते. जॉर्जटाऊनला हे सुखासुखी जमलेले नाही. वर्षानुवर्षे तेथेही मळेवाल्यांच्या वाड्यांचेच कौतुक झाले, आणि बांध घालणाऱ्यांची नावे फार उशिरा शोधली जाऊ लागली.

आपल्याही गावात जुनी मंडई आहे, मामलेदार कचेरी आहे, कोठे धान्याची वखार आहे, कोठे खोताचा वाडा आहे. त्यांच्यावरून आपण रोज जातो. उद्या त्यांच्यापैकी एखादीसमोर दोन मिनिटे थांबावे आणि आज आपण जॉर्जटाऊनला विचारले तेच तीन प्रश्न तिलाही विचारून पाहावे: येथे जो माल आला तो कोणी पिकविला, कोणी विकला, आणि मान कोणाला मिळाला? उत्तर ठाऊक असणारी म्हातारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना ते विचारण्यास उशीर करू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.